वस्तीला राहिलेला जीवाणू

१९५८ साली ब्राझील देश एडीस इजिप्ती डासापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यामागे फ्रेड सोपर या अमेरिकी आरोग्याधिकाऱ्याने घालून दिलेली, जवळपास लष्करी शिस्तीची पद्धत होती. घरोघर जाणारे निरीक्षक, त्या निरीक्षकांवर देखरेख करणारे आणखी निरीक्षक, प्रत्येक पिंप आणि टाकी उघडून पाहण्याचा दंडक, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हाताशी आलेले डीडीटी. पीतज्वर पसरवणारा डास खंडाएवढ्या देशातून हटवणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. पण मोहीम जिंकली म्हणून थांबली, आणि थांबली म्हणून हरली. सत्तरच्या दशकात हा डास ब्राझीलच्या शहरांत पुन्हा पाय रोवू लागला. १९८१ मध्ये बोआ व्हिस्टा इथे डेंग्यूची साथ आली आणि १९८६ मध्ये ती रिओ द जानेरोला पोचली. फवारणी, धुराची गाडी, गप्पी मासे, आठवड्याचा कोरडा दिवस या सगळ्या उपायांची गत थोड्याफार फरकाने हीच आहे. माणूस करत राहील तोवर ते चालतात, आणि माणूस थकतो. वोल्बाकिया हा जीवाणू अंगात असलेले डास मुद्दाम सोडून डेंग्यूसारखे विषाणूजन्य आजार रोखण्याची पद्धत या सगळ्यांपेक्षा वेगळी ठरते ती एकाच कारणाने. ती एकदा रुजली की आपली आपण राहते. माझ्या मते तिचे मोल या राहण्यातच आहे, आणि पुरावा, संमती, जबाबदारी या तिच्या सगळ्या अवघड बाबीही त्या राहण्यातूनच निघतात. तिचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला की हे स्पष्ट होते.

१९२४ मध्ये मार्शल हर्टिग आणि सिमियन बर्ट वोल्बाक या दोघांनी क्युलेक्स जातीच्या डासांच्या पेशींत एक सूक्ष्म जीवाणू पाहिला. हर्टिगने १९३६ मध्ये सहकाऱ्याच्या नावावरून त्याचे वोल्बाकिया असे नामकरण केले. त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे पाहिलेही नाही. हा जीवाणू फक्त पेशीच्या आत जगतो, हवा-पाण्यातून पसरत नाही आणि आईकडून अंड्यातून पिल्लांत उतरतो. नर त्याच्या दृष्टीने वंशवेलीचा शेवट. म्हणून त्याने नरांचा उपयोग वेगळ्या प्रकारे करून घेतला आहे. जीवाणू असलेल्या नराचा जीवाणू नसलेल्या मादीशी संयोग झाला तर तिची अंडी उबत नाहीत. जीवाणू असलेल्या मादीची अंडी मात्र नर कसाही असला तरी उबतात. साहजिकच पिढ्यांमागून पिढ्या जीवाणूवाल्या माद्यांची संतती वाढत जाते. हे विरजणासारखे आहे: थोडे पुरते, पण अगदीच थोडे पडले तर दूध तसेच राहते, आणि दूध फार गरम असले तर विरजणच मरते. या दोन्ही अटी पुढे शास्त्रज्ञांना चांगल्याच महागात पडल्या.

पहिला प्रयोग झाला तेव्हा प्रयोग करणाऱ्यालाच आपण काय वापरतो आहोत याची कल्पना नव्हती. क्युलेक्सच्या काही वाणांचा एकमेकांशी संकर होत नाही हे जर्मन संशोधक हानेस लावेन यांनी ओळखले होते. दोष पेशीद्रव्यात असावा एवढाच त्यांचा अंदाज होता. १९६७ मध्ये ब्रह्मदेशात, रंगूनजवळच्या ओक्पो खेड्यात, त्यांनी स्थानिक माद्यांशी न जुळणारे नर सोडले. काही आठवड्यांत तिथली अंडी उबेनाशी झाली. हत्तीरोग पसरवणारा डास एका खेड्यापुरता तरी संपवता येतो हे सिद्ध झाले. या न जुळण्यामागे वोल्बाकिया आहे हे येन आणि बार यांनी दाखवले ते १९७१ मध्ये. ओक्पोचा हेतू मात्र सोपरचाच होता, डास संपवणे. बाहेरचे डास उडत आले की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

ओक्पोनंतरचा अध्याय भारतात घडला, आणि या इतिहासात तोच सर्वांत उपेक्षित राहिला आहे. १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे संशोधन केंद्र सुरू केले. पैसा अमेरिकेचा, पी.एल. ४८० च्या धान्याच्या मोबदल्यात भारतात साठलेल्या रुपयांतला. दिल्लीभोवतालच्या खेड्यांत क्युलेक्सचे नर सोडले गेले. काही थायोटेपा या रसायनाने निर्बीज केलेले, तर काही लावेन यांच्याच तत्त्वावर, म्हणजे वोल्बाकियाच्या करामतीवर, बेतलेले. पुढचा टप्पा सोनीपत शहरात एडीस इजिप्तीच्या नरांचा होता. तो कधी आलाच नाही. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून आरोप झाले की हे संशोधन जैविक युद्धाच्या कामी येणारी माहिती गोळा करते आहे, आणि कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या रसायनाने प्रक्रिया केलेले डास खेड्यांच्या विहिरींपाशी सोडले जात आहेत. संसदेच्या लोकलेखा समितीने प्रकरण हाती घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने आरोप फेटाळले, पण १९७५ मध्ये केंद्र गुंडाळले गेले. समितीच्या १६७व्या अहवालात हे एकच प्रकरण नव्हते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यासही त्यात तपासला गेला, कारण त्यामागे अमेरिकी लष्कराचा पैसा होता.

आज हा सगळा प्रकार अज्ञानातून उठलेला गोंधळ म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे, आणि कीटकशास्त्रज्ञांच्या लिखाणात तो बहुधा तसाच येतो. मला ते पटत नाही. समितीसमोरचे प्रश्न बिनबुडाचे नव्हते. ज्या देशात पीतज्वर नाही तिथे पीतज्वराच्या डासाचा एवढा बारकाईने अभ्यास कशासाठी? हिवताप हा देशापुढचा मोठा प्रश्न असताना सुरुवात या डासांपासून का? निष्कर्षांवर हक्क कोणाचा? यातल्या पहिल्या प्रश्नाला वैज्ञानिक उत्तर होते: एडीस डेंग्यूही पसरवतो. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूचे दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेवर मृत्यू झाले, तेव्हा ते उत्तर सगळ्यांनाच कळले. सोनीपतचा प्रयोग झाला असता तर ही साथ टळली असती असे म्हणायला मात्र काहीच आधार नाही. खेड्यांतल्या प्रयोगांत बाहेरून येणाऱ्या डासांनीच हिशेब बिघडवला होता. मुद्दा वेगळा आहे. उत्तर असूनही ते लोकांपर्यंत वेळेवर गेले नाही. बातमी आल्यावर दिलेला खुलासा आणि प्रयोगाआधी घेतलेली संमती यांत फार अंतर असते. आणि यातली गंमत अशी की दिल्लीचे नर चावणारे नव्हते, सोडणे थांबवताच काही आठवड्यांत त्यांचा मागमूस उरला नसता. मागे घेता येण्याजोगा प्रयोग लोकांनी नाकारला. पुढे पस्तीस वर्षांनी दुसऱ्या देशात, मागे घेता न येणारा प्रयोग लोकांनी स्वीकारला.

तो देश ऑस्ट्रेलिया. तिथले संशोधक स्कॉट ओनील यांची मूळ कल्पना डास संपवण्याची नव्हती, त्यांना म्हातारे होऊ न देण्याची होती. डेंग्यूचा विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस लागतात, म्हणजे रोग पसरवतात त्या वयस्क माद्याच. १९९७ मध्ये फळमाशीत वोल्बाकियाचा एक उग्र वाण सापडला होता, तो माशीचे आयुष्य तोडतो. तो एडीसमध्ये घालायचा असा बेत ठरला. एडीस इजिप्तीत वोल्बाकिया निसर्गतः नसतो. त्यामुळे जीवाणू आधी सुमारे तीन वर्षे डासांच्या पेशींत वाढवून त्यांना सरावायला लावला, मग हजारो अंड्यांत बारीक सुईने टोचला. २००९ मध्ये यश आले, डासांचे आयुष्य निम्म्यावर आले. पण त्याच सुमारास त्याहून मोठी गोष्ट उघड झाली. २००८ मध्ये फळमाश्यांत आणि २००९ मध्ये डासांत असे दिसले की वोल्बाकिया असलेल्या कीटकात विषाणूची वाढच खुंटते. डास मेला नाही तरी चालेल, डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्याच्यातच अडतात. मग उग्र वाणाचे काय झाले? क्वीन्सलँडमध्ये आणि व्हिएतनामच्या एका बेटावर तो सोडून पाहिला. सोडणे चालू असेपर्यंत त्याचे प्रमाण चढले, थांबताच उतरले. डासाला फार छळणारा जीवाणू डासांच्या वस्तीत टिकत नाही. त्याच्याहून सौम्य वाण मात्र टिकला. माझ्या दृष्टीने या इतिहासातले वळण इथे आहे. डास मारण्याची उरलीसुरली कल्पनाही इथे गळून पडली.

सौम्य वाणाचे डास जानेवारी २०११ मध्ये केर्न्स शहराजवळच्या यॉर्कीज नॉब आणि गॉर्डनव्हेल या वस्त्यांत सोडले गेले. सुमारे दहा आठवड्यांत जवळपास तीन लाख डास. मे महिन्यात यॉर्कीज नॉबमधले बहुतेक सर्व आणि गॉर्डनव्हेलमधले दहांतले नऊ डास वोल्बाकिया बाळगून होते. पण त्याआधीची वर्षे पाहायला हवीत. शास्त्रज्ञ घरोघर गेले, लोकांच्या शंका मांडून घेतल्या, सरकारी संशोधन संस्थेकडून जोखमीचे स्वतंत्र मूल्यमापन करून घेतले, ते प्रसिद्ध केले. परवानगी कोणी द्यायची हाच प्रश्न होता, कारण असा डास कोणत्याही कायद्यात बसत नव्हता. अखेर कीटकनाशके आणि पशुऔषधांच्या नियामकाने त्याला आपल्या कक्षेत घेतले, आणि डास कागदोपत्री पशुवैद्यकीय रसायन झाला. हे हास्यास्पद वाटेल, पण कोणीतरी जबाबदारी अंगावर घेतली हे महत्त्वाचे. टाउन्सव्हिल शहरात २०१४ पासून तर शाळकरी मुलांनी घरच्या अंगणात डासांची अंडी वाढवली. उत्तर क्वीन्सलँडमध्ये स्थानिक डेंग्यू ९६ टक्क्यांनी उतरल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि दहा वर्षांनंतर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, तिथल्या डासांतला जीवाणू बव्हंशी तसाच होता. त्याच्या जनुकांत लक्षणीय बदल नव्हता आणि विषाणू अडवण्याची ताकदही शाबूत होती. दशकभर कोणी नव्याने डास न सोडता वस्तीतला जीवाणू जागेवर राहतो, हा पुरावा मला आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

तरीही ऑस्ट्रेलियाचा पुरावा अपुरा होता. तिथे डेंग्यू बाहेरून येणाऱ्या प्रवाशांबरोबर शिरतो, कायमचा मुक्कामी नसतो. आधी आणि नंतर अशी तुलना करताना साथ आपोआप ओसरली असेल ही शंका उरतेच. तिचे उत्तर इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहराने दिले. आदी उतारिनी यांच्या नेतृत्वाखाली शहराचे २४ भाग पाडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे १२ भाग निवडले आणि २०१७ मध्ये तिथल्या घरांच्या आवारात अंड्यांच्या बादल्या ठेवल्या. मग तापाने दवाखान्यात आलेल्यांची तपासणी केली, ताप डेंग्यूचा आहे की दुसरा. वोल्बाकियाच्या भागातल्या २,९०५ तापकऱ्यांपैकी ६७ जणांना डेंग्यू निघाला, उरलेल्या भागातल्या ३,४०१ पैकी ३१८ जणांना. हिशेबाने ७७ टक्के संरक्षण, आणि दवाखान्यात दाखल होण्यापासून ८६ टक्के. शिवाय माणसे दिवसा एका भागातून दुसऱ्यात जातात, डासही हद्द पाळत नाहीत. त्यामुळे खरा परिणाम याहून जास्तच असण्याचा संभव आहे. २०२१ मध्ये हे निष्कर्ष आले, तोवर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानेही ही पद्धत सार्वजनिक आरोग्यासाठी मोलाची असल्याचे मान्य केले होते.

याविरुद्ध सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले काही खरे आहे. रिओमध्ये परिणाम ३८ टक्केच निघाला, शेजारच्या निटेरॉयमध्ये ६९. रिओच्या टुबियाकांगा वस्तीत तर पहिली खेप साफ फसली. कारण शिकण्यासारखे आहे: घराघरांत फवारलेल्या कीटकनाशकांनी स्थानिक डास कणखर झाले होते, प्रयोगशाळेत लाडाने वाढलेले डास त्या फवाऱ्यात मेले. तेव्हा स्थानिक डासांशी संकर करून नवी पिढी तयार करावी लागली आणि ती रुजली. दुसरा आक्षेप उष्णतेचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये केर्न्सचा पारा ४२ अंशांवर गेला तेव्हा डासांतल्या जीवाणूचे प्रमाण घसरले. काही महिन्यांत ते पूर्ववत झाले, पण केर्न्समध्ये असा उन्हाळा क्वचित येतो आणि नागपूर-चंद्रपुरात दरवर्षी. म्हणूनच मलेशियात उष्णता अधिक सोसणारा दुसरा वाण वापरला, तिथे डेंग्यू ४० टक्क्यांनी घटला. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: विषाणू या अडथळ्यावर मात करील का? दशकभरात तसे झालेले दिसत नाही. पण विषाणू बदलतात हे आपण जाणतोच, आणि दहा वर्षे हा काळ एका औषधासाठी मोठा असला तरी शहरात कायमच्या वसवलेल्या सजीवासाठी लहान आहे. हा आक्षेप खोडता येत नाही. त्यावर वर्षानुवर्षे डास पकडून तपासत राहणे एवढेच उत्तर आहे. म्हणजे आपोआप राहणाऱ्या उपायालाही माणसाची सुट्टी नाही.

हा जीवाणू माणसाला बाधेल ही भीती सर्वांत जास्त बोलली जाते, आणि तिला आधार सर्वांत कमी आहे. कीटकांच्या निम्म्या-अधिक जातींत वोल्बाकिया असावा असा अंदाज आहे. आपल्या गटारांवर वाढणाऱ्या क्युलेक्स डासात तो पूर्वीपासून आहे, म्हणजे मुंबई-पुण्यात संध्याकाळी चावणारे डास तो पिढ्यान् पिढ्या बाळगून आहेत. माणसाच्या शरीरात तो येतो तो मुख्यतः हत्तीरोगासारख्या आजारांच्या जंतांमधून. त्या जंतांचे जगणेच त्यावर अवलंबून असल्याने डॉक्सिसायक्लिन देऊन त्याला मारले की जंतही खंगतात. तो वाण जंताचा, डासाचा नव्हे. आणि यात जनुके कापून-जोडून केलेले काही नाही, निसर्गातला जीवाणू एका कीटकातून दुसऱ्यात नेला आहे. अर्थात ‘निसर्गातला’ म्हटल्याने प्रश्न मिटतो असे मला वाटत नाही. परिसरात तो नव्हता आणि आता असेल, तेव्हा परिसरातल्या माणसाला विचारले पाहिजे. त्याला नको असेल तर सिंगापूरचा मार्ग आहे. तिथे केवळ नर सोडतात, दर आठवड्याला लाखो. ते चावत नाहीत, सोडणे थांबवता येते. पण थांबवले की एडीस परत येतो. मागे घेता येणारा उपाय हवा तर खर्च कायमचा, कायमचा उपाय हवा तर माघार नाही. यांतली निवड शास्त्रज्ञाने एकट्याने करायची नसते. इंडोनेशियाने योग्यकार्तात जे कमावले ते २०२३ मध्ये बालीत लोकविरोधापुढे अडकले आणि तिथे डास सोडणे पुढे ढकलावे लागले. एकाच देशात, तोच जीवाणू, तोच पुरावा. योग्यकार्ताच्या वस्त्यांत वर्षानुवर्षे चाललेले संवादाचे काम दुसऱ्या बेटावर आयते मिळत नाही.

भारतात हा विषय पुन्हा सुरू झाला आहे. पुद्दुचेरीचे रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्र १९७५ मध्ये, दिल्लीचे केंद्र बंद झाले त्याच वर्षी स्थापन झाले. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाकडून आलेल्या अंड्यांपासून एडीसच्या भारतीय वाणात वोल्बाकिया उतरवल्याचे त्याने २०२२ मध्ये जाहीर केले, तेही दोन्ही प्रकारचा, सौम्य आणि उष्णता सोसणारा. महाराष्ट्राला यात रस असायला हवा. २०२१ मध्ये एडीसच पसरवतो त्या झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये सापडला, २०२४ मध्ये खुद्द पुण्यात झिका आला, आणि पावसाळ्यानंतरचा डेंग्यू आता बातमीही राहिलेला नाही. नळाला पाणी दिवसाआड येते तिथे पाणी साठवले जाणारच, म्हणून कोरडा दिवस पाळा हा उपदेश सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. अशा वस्त्यांसाठी हा उपाय खरोखर उपयोगी पडू शकतो असे माझे मत आहे. पण तो आणणाऱ्यांनी आधी लोकलेखा समितीचा १६७वा अहवाल काढून वाचावा आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहून प्रसिद्ध करावीत: पैसा कोणाचा, माहितीवर हक्क कोणाचा, हाच डास का, आणि दहा वर्षांनी काही बिघडले तर दार कोणाचे ठोठावायचे. ही उत्तरे पहिली बादली अंगणात ठेवण्याआधी ग्रामसभेत आणि प्रभाग सभेत मांडावीत.